भीती मोजायला गेले, प्रश्नच अपुरे पडले

आज एम.ए.च्या प्रकल्पासाठी पेणच्या एका कॉलेजात प्रश्नावली भरून घेतली. मोबाइल हातात नसला की आपलं काहीतरी हुकेल, ही भीती विद्यार्थ्यांना किती वाटते ते मला मोजायचंय.

धरमतरकडच्या एका मुलीने सगळीकडे ‘कधीच नाही’वर खूण केली होती. माझ्यासोबत आलेली मैत्रीण म्हणाली, "फॉर्म न वाचता भरलाय गो. बाजूला काढ."

मी त्या मुलीलाच विचारलं.

"वाचलाय की ताई. मैत्रिणी माझ्याशिवाय फिरल्या तर मला काय नाय वाटत. पण घरात फोन एकच हाय, तो दादासोबत शिफ्टला जातो. परीक्षेच्या फॉर्मची तारीख ग्रुपवर येते. मागं ती हुकली आणि सेमिस्टर गेलं. आता रोज भीती वाटते, दिसेल त्याला विचारते, तारीख आली काय. ते कुठं लिहू?"

घरातली पहिली पदवीधर मी. असल्या तारखा मलाही कोणी सांगत नव्हतं, तरी हा प्रश्न मला सुचला नाही.

तिचा फॉर्म मी बाजूला काढणार नाही. उद्या प्रकल्पाच्या मार्गदर्शक सरांना भेटून प्रश्न वाढवणार, मगच पुढच्या, रोह्याच्या कॉलेजात जाणार.

फोन नसल्यामुळे तुमचं कॉलेजात काय हुकलं होतं? खाली लिहा, नव्या प्रश्नांत मला ते विचारायचंय.