आपांनी लपवलेल्या चपला

औशाच्या आसपास भूकंपाच्या आगेमागे जन्मलेल्या एकूण एक पोराला आमच्या नर्स आपांनी सुई टोचली आहे, आणि एकूण एक पोराच्या आईची चप्पल लपवली आहे. लस दिल्यावर अर्धा तास थांबा म्हणून सांगितलं तरी कुणी थांबत नसे. शेतातलं काम खोळंबलेली बाई पोर काखोटीला मारून चालू पडे. म्हणून आपा टोचायच्या आधीच चपला आपल्या पिशवीत टाकत. "अर्ध्या तासानं भेटतील. तोवर पोराला पाजा," एवढं म्हणून त्या पुढच्या बाळाकडे वळत. दुसऱ्या दिवशी घरोघर हजर. "ताप हाय का?" "हाय" म्हटलं की चेहरा खुलायचा. "येतो कधीकधी. सुई काम करायली. टोचल्या जागी चोळू नका, दिलंय तेवढंच औषध पाजा. झटका आला, पोर सुस्त पडलं, तर मात्र माझी वाट न्हाई बघायची. थेट दवाखाना."

भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो, तेव्हा माझी लेक तान्ही होती. पहिल्या सुईनंतर ती तापानं फणफणली, मांडी सुजली. दोन दिवसांत सगळं उतरलं, पण माझी धास्ती काही उतरली नाही. शाळेत लसीकरणावर निबंध लिहून घेणारा मी मास्तर, दुसऱ्या सुईच्या दिवशी आपांना दारातच सांगितलं, "पोरगी आजोळी गेलीय." नेमकी तेव्हाच ती आत रडली. आपांनी माझ्या चपला उचलून पिशवीत टाकल्या आणि लसीची पेटी मांडीवर घेऊन दारात बसल्या. "बसते की. आजोळाहून येईस्तोवर."

शाळेची घंटा झाली. अनवाणी मास्तर जाणार कुठे? शेवटी मीच म्हणालो, "आपा, भीती वाटते हो."

"मलाबी वाटती, गुरुजी. हर सुईला वाटती. म्हणून तर चपला ठेवून घेते."

मी लेकीला बाहेर आणलं. त्या दिवशी सुईनंतरचा अर्धा तास आपांनी तिला स्वतःच्याच मांडीवर ठेवलं होतं.

तीच लेक दहावी होऊन लातूरला क्लासला निघाली. डॉक्टर व्हायचंय म्हणते. निवृत्त झालेल्या आपा काठी टेकत निरोप द्यायला आल्या. जीप दारात उभी, सामान चढलेलं, आणि लेकीची चप्पल सापडेना. ती कुठे आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी शोधली नाही. लेक निमूट आपांजवळ जाऊन बसली. माझाही पाय निघत नव्हता. मी जीपवाल्याला म्हटलं, "अर्धा तास थांब, बाबा."