बूट बाहेर, मीही बाहेर

मंडळी, आज इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये, एका पक्ष्यापायी मी दारातून परत आलो.

आमचे शेजारी बिल यांनी बहिरी ससाणा या शिकारी पक्ष्याची मादी पाळलीय. तिचं नाव रूबी. दर रविवारी मी तिला बघायला जातो. परवाच इंडियाहून आलो, त्यामुळे आज जरा जास्तच उत्साहात गेलो. सवयीने तिच्या खोलीबाहेर बूट काढले. बिल नेहमी हसतात, "अरे, हे देऊळ नाही!" आज हसले नाहीत.

"हेच बूट घालून गावी गेला होतास?"

"हो, मामाच्या पोल्ट्रीतसुद्धा!" मी कौतुकाने सांगितलं. मामा नंदुरबारकडचा. तिकडे बर्ड फ्लू आलाय, हे तुम्हीही वाचलं असेलच. मामाच्या कोंबड्या ठणठणीत आहेत, असंही मी म्हणालो.

बिलनी दार ओढून घेतलं. "सॉरी. महिनाभर येऊ नकोस. रानबदकांकडून तिला बर्ड फ्लू होईल या भीतीने मी तिला बदकांच्या शिकारीला नेणंसुद्धा बंद केलंय. तो विषाणू बुटा-कपड्यांवरूनही येतो, तुला आत कसा घेऊ?"

राग आला यार. मी काय रोग घेऊन फिरतोय?

घरी येऊन आईला फोन केला. तिचं पहिलंच वाक्य, "त्या पक्ष्याजवळ जाऊ नकोस हं, तुला काहीतरी होईल."

फोन ठेवला. गपचूप बूट ब्लीचने धुतले आणि बाल्कनीत ठेवले.

देवळाबाहेर बूट काढायला आपल्याला लहानपणीच शिकवतात. पण ते बूट कुठून आलेत, हे तुम्हाला कधी कोणी विचारलंय?