जावयाने आणलेली गोळी

धुमसत्या कोळशाचा, घशात रुतून बसणारा वास आला की मी ओळखे, नणंदेचे यजमान माजरीच्या कोळसाखाणीवरून आले. तो वास त्यांच्या अंगापेक्षा त्यांच्या पिशवीला अधिक असे. आलापल्लीतल्या आमच्या घरी, जिथे सागाच्या पानांतून गाळून आलेला वारासुद्धा दबकत आत शिरतो असे मला वाटे, ते ती पिशवी सरळ जेवणाच्या टेबलावर आपटत. पिशवीत खाऊ नसे, औषधे असत. खाणीच्या दवाखान्यातून स्वतःच्या नावावर उचललेल्या गोळ्या हे गृहस्थ नातलगांत आहेरासारख्या वाटत. कुणाच्या गुडघ्यासाठी लाल, कुणाच्या झोपेसाठी पांढरी. पट्टी कात्रीने कापून देत आणि त्या कापाकापीत औषधाचे नाव बहुधा दुसऱ्याच घरी जाई.

त्या वर्षी माझ्या नवऱ्याच्या रक्तात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात तरंगणारी चरबी, फार वाढलेली निघाली. चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली आणि बोटांवर मोजत सांगितले: रोज जेवणानंतर एकच. दारू बंद. मला विचारल्यावाचून दुसरी कोणतीही गोळी नाही. मांड्या-पोटऱ्या विनाकारण दुखू लागल्या किंवा लघवी काळपट झाली, तर त्याच दिवशी यायचे. नवऱ्याने मान डोलावली. लाकडाच्या डेपोत ओंडक्यांवर शिक्के उठवण्यात उभा जन्म गेलेल्या या माणसाला कागदावरचा शब्द मात्र हलका वाटे.

पंधरवडा उलटला नाही तोच पिशवी आली.

"येवढ्या चरबीले एक गोळी काय करन, साळेबुवा?" कोंबडीचा रस्सा भुरकत नंदई म्हणाले. "हे घे. कोलेस्टेरॉलची आहे. मी दोन साल झाले खाऊन राह्यलो. मले काई झालं का?"

"डॉक्टरीणबाई नाई म्हणाल्या ना, भाऊजी," नवरा म्हणाला.

"त्याईचं दुकान आहे बाबू, त्या नाईच म्हनतीन. वहिनी, तुमी तं कालेजात शिकवता, सांगा याले. काऊन भिऊन राह्यला हा?"

मी त्यांच्या ओठांच्या कडेला थिजत चाललेला तेलाचा तवंग पाहत होते. त्यांची ढेकर, दातांत फिरणारी काडी, प्रत्येक वाक्यापुढचे ते मिजासखोर हसू, यांतल्या एकेका गोष्टीची मला स्वतंत्र किळस होती. जावयाच्या हातचे परत करायचे नाही, हा सासरचा कायदा. अशा माणसाशी वाद घालून स्वतःला खाली आणायचे नाही, हा माझा. दोन्ही कायदे पाळले गेले. पट्ट्या फडताळात राहिल्या.

महिन्याभराने नवऱ्याला खुर्चीवरून उठताना भिंत धरावी लागू लागली. शेजारच्या निवृत्त वनरक्षकाने कसलेसे तेल आणून दिले. नंदईंनी फोनवर निदान केले, "चरबी तुटून राह्यली त्याची. दुखनच तं!" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. एवढे अज्ञान इतक्या मोठ्या आवाजात बोलते, याचे मला नवल वाटले. नवऱ्याच्या मांड्यांना तेल चोळताना मी त्या नवलातच होते.

मग एका सकाळी तो न्हाणीघरातून बाहेर आला आणि खाली पाहत पुटपुटला, "लघवी कोऱ्या चहासारखी झाली." दुपारी आम्ही चंद्रपुरात होतो.

"आणखी कोणती गोळी घेता?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"नाई." मांडीत जीव उरला नव्हता, पण बहिणीच्या नवऱ्याचा मान शाबूत होता.

मी पर्समधून कापलेली पट्टी काढून टेबलावर ठेवली. काठावर उरलेली अर्धी अक्षरे त्यांनी चष्मा वर करून वाचली. "या दोन गोळ्या कधी कधी आम्हीही एकत्र देतो, पण मात्रा बेतून, रक्त तपासत. अशा नव्हे. यांचे स्नायू झिजताहेत, आणि तो सगळा गाळ मूत्रपिंडांवर चाललाय." दोन्ही गोळ्या बंद झाल्या. सलाईन लागले. दोन दिवस मी त्या नळीतला एकेक थेंब सुटताना पाहिला.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. मूत्रपिंडे बचावली होती. डॉक्टरीणबाई फाइल घेऊन खाटेशी बसल्या आणि हे कसे घडले म्हणून विचारू लागल्या. माझी वाक्ये तयार होती, दोन दिवस घासून धार लावलेली. ती पिशवी, तो माणूस, त्याचा तो अडाणी थाट, मी सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग नवऱ्याकडे वळल्या. "म्हणजे ते गेल्यावर फडताळातून ही गोळी रोज तुम्ही काढून घेत होता?"

"मी कायले काढू, मॅडम?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात संसाराचा निरागस अभिमान होता. "दोनी गोळ्या जेवल्यावर हेच ठेवते हातावर. पान्याच्या गिलासासंगं. एक दिवस चुकली नाई."

डॉक्टरीणबाईंचे पेन कागदावर थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता.

"तुम्ही?"