बारक्या शब्दांची जागा

गंगापूर रोडला इंग्रजीच्या क्लासबाहेर वीस-पंचवीस पोरं उभी होती. त्यांच्यासमोर सरांनी माझ्या बायकोला नव्या बोर्डाखाली उभं केलं.

"बाई, जगं किती आहेत?"

तिनं हातातला ब्रश पदराआड धरला.

"'ए वर्ल्ड' लिहिलंयस. म्हणजे कुठलंही एक जग. 'द' म्हणजे ठरलेलं, हेच. का तुमच्या वस्तीचं जग वेगळं आहे?"

पोरं हसली.

फ्लेक्स यायच्या आधीची गोष्ट. नाशकात मी बोर्ड रंगवायचो. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं मला चित्रासारखी. कागद बघून खडूनं आखायचं, मोठे शब्द आधी भरायचे, बारके मागनं. बायको हाताखाली असायची. कागदावर होतं, 'बी ए लीडर, चेंज द वर्ल्ड'. शेवटी 'ए' आणि 'द' तेवढे राहिले. ती म्हणाली, "अहो, कागद द्या. कुठला कुठं ते बघू द्या." मी शिडीवर. कागद माझ्या खिशात. म्हणालो, "बारक्याला कोण बघतंय. बसव जागा दिसेल तिथं."

तिनं बसवले. उलटे बसले, 'बी द लीडर, चेंज ए वर्ल्ड'.

सरांनी माझ्याकडं बघितलं. खरं बोलायचं होतं तेव्हाच. मी पोरांबरोबर हसलो. म्हणालो, "अडाणी हाय सर ती. पुसून देतो."

रॉकेलचा बोळा घेऊन तिनंच पुसलं. पुन्हा ब्रशला हात लावला नाही.

वर्षानं सरांनी परत बोलावलं. "पेंटर, या वेळी बाईला आणू नकोस. डोकं नसतं त्यांना."

मी रंगाच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं. "चूक माझी होती. तुमचा बोर्ड मी रंगवत नाय." डबा उचलला. तसाच जिना उतरलो.

तिला मात्र हे सांगितलं नाही. सांगायचं तर आधी माझ्या हसण्याचं बोलावं लागलं असतं. आज सांगू, उद्या सांगू. वर्षं गेली. गेल्या थंडीत तीच गेली. सरांना नाही म्हणणं जमलं, घरच्या बाईपुढं मान खाली घालणं जमलं नाही.

आमच्या विहारात आता रविवारी बाया इंग्रजी शिकायला बसतात. मी दाराशी बसणार. कुणी एकीलाही हसला, मग तो तिचा नवरा का असेना, त्याला उठवणार. आधी माझं सगळं सांगणार, तिचं नाव घेऊन. म्हातारा म्हणून मला कुणी माफ करू नये.