शेख सरांनी परत केलेलं काम

"हे काम माह्याकडून होणार नाई," शेख सर म्हणाले आणि समोरची फाइल त्यांनी हलकेच टेबलाच्या पलीकडे सरकवली.

मंगरूळपीरच्या बाहेर एक डाळ मिल आहे, तिच्या ऑफिसात आम्ही बसलो होतो. टेबलाच्या पलीकडे मिलचे दोन मालक. एक विमलताई, नवरा गेल्यापासून मिल त्याच चालवत होत्या. दुसरे त्यांचे दीर दिलीपभाऊ. दिलीपभाऊंना मुलाकडे नागपूरला कायमचं राहायला जायचं होतं. त्यांचा हिस्सा विमलताई विकत घेणार होत्या. भांडण नव्हतं, पण भाव ठरत नव्हता. म्हणून दोघांनी मिळून शेख सरांना बोलावलं होतं आणि शेख सरांनी मला सोबत आणलं होतं.

"काहून?" दिलीपभाऊ म्हणाले. "या मिलचं व्हॅल्युएशन तुमी आमच्या बाबांपासून करून राह्यले."

"ते बँकेसाठी होतं. हे कंपनीचं हाय."

"मिल तर तेच हाय ना?"

"मिल तेच. काम वेगळं."

वाचकांना इथे थोडं सांगायला हवं. जमीन, इमारत यांची किंमत ठरवणारा माणूस म्हणजे व्हॅल्युअर. तुम्ही कर्ज काढता तेव्हा बँक ज्याला घर पाहायला पाठवते, तो. आमच्या भागातल्या सहकारी बँका आणि पतसंस्था आपापलं पॅनल ठेवतात. इंजिनिअर असावा, अनुभव असावा, माणूस भरवशाचा असावा, एवढं त्यांना पुरायचं. पण आता कंपनी कायद्याखालचं काम असेल तर व्हॅल्युअर रजिस्टर्ड लागतो. त्यासाठी सिव्हिल किंवा आर्किटेक्चरसारखी पदवी, त्यानंतर पाच वर्षांचा अनुभव, व्हॅल्युअरांच्या एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेचं सदस्यत्व, त्या संस्थेचं प्रशिक्षण, मग कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग दिल्लीहून नोंदणी. शिवाय प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट, ते वेळोवेळी नवं करून घ्यायचं. यातलं एक जरी नसलं तरी कंपनीच्या कामात तुमची सही चालत नाही.

ही मिल प्रायव्हेट लिमिटेड होती. मीही व्हॅल्युअर, आणि माझी नोंदणी झालेली होती. शेख सरांची नव्हती.

"तुमच्याकडे लायसन नाई?" विमलताईंना खरंच वाटेना. मंगरूळपीर, शेलूबाजार, मानोरा या पट्ट्यात शेख सरांचा शब्द म्हणजे भाव असं लोक मानत.

"नाई. परीक्षा दिली होती. नापास झालो."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. शेख सरांकडे अमरावतीची इंजिनिअरिंगची पदवी होती. अनुभव तीसेक वर्षांचा. सबब सांगायची असती तर पुष्कळ होत्या. पेपर इंग्रजीत असतो, चुकीच्या उत्तराला मार्क कापतात, निम्मे प्रश्न कायद्याचे आणि अर्थशास्त्राचे असतात. त्यांनी यातलं काहीच सांगितलं नाही.

दिलीपभाऊ व्यापारी माणूस. त्यांनी लगेच रस्ता काढला. "मंग असं करू. पाहणी तुमी करा, आकडा तुमी काढा. मॅडमची फक्त सही घेऊ. मॅडमले त्यांची फी देऊन टाकू."

मी तोंड उघडायच्या आत शेख सर बोलले.

"दिलीपभाऊ, उद्या कोर्टात समोरचा वकील या मॅडमले विचारीन, की गोडाऊनचा दरवाजा कोणत्या अंगाले हाय? मॅडम काय सांगतीन?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जे डोळ्यानं पाह्यलं नाई त्याच्यावर सही करायची नाई, बेटा. मी म्हणलो तरी नाई."

"मंग मॅडमच करतीन?" विमलताईंनी विचारलं.

"मॅडमच करतीन. आन् एक आत्ताच आयकून घ्या. त्यांच्या कामात मी बोलणार नाई. मले विचारू नका."

ते उठले, दोघांना सलाम केला आणि आपल्या स्कूटरवर निघून गेले. एवढं मोठं काम दारात आलेलं. माझ्या ओळखीतल्या चार जणांनी तरी दिलीपभाऊंचा रस्ता धरला असता. आमच्या धंद्यात उसनी सही अगदीच दुर्मीळ नाही.

मग मी माझं सांगायला घेतलं आणि पुन्हा अडचण आली. माझी नोंदणी जमीन आणि इमारतीची. मिलमधल्या मशिनरीची किंमत मला काढता येत नाही, तिचा वर्ग वेगळा. कंपनीच्या शेअर्सचा भाव काढायचा वर्ग तिसरा. मशिनरीसाठी अकोल्याचे एक मेकॅनिकल इंजिनिअर आणि शेअर्ससाठी अमरावतीचे एक सीए लागणार होते.

"एका मिलले तीन माणसं?" दिलीपभाऊ वैतागले.

विमलताई पहिल्यांदाच हसल्या. "डोळ्याचा डॉक्टर दात काढते का, भाऊजी?"

दोन दिवसांनी मी टेप, कॅमेरा आणि मोजणीचा नकाशा घेऊन पाहणीला गेले. एप्रिल होता. आमच्याकडची काळी जमीन तेव्हा हात जाईल एवढी फाटते. ती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, त्यामुळे पाया कच्चा असला तर खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरपी चीर जाते. इमारत जुनी असण्यापेक्षा अशी चीर असणं वाईट. हे मला शेख सरांनीच शिकवलं होतं, मी या धंद्यात नवी असताना, शिरपूरच्या एका घराच्या भिंतीसमोर उभं करून. मिलची मुख्य इमारत त्या दृष्टीने ठणठणीत निघाली.

घोळ झाला गोडाऊनपाशी. मागच्या बाजूच्या हद्दीच्या दगडांपासून मी टेप धरली तर माप जुळेना. दुसऱ्या कोपऱ्यातून धरली. तरी तेच. गोडाऊनचा मागचा वाढवलेला भाग मिलच्या हद्दीच्या बाहेर, शेजारच्या वावरात उभा होता. शेख सरांनी बँकेसाठी शेवटची पाहणी केली तेव्हा हा वाढीव भाग बांधलेलाच नव्हता.

"हे वावर कोणाचं?" मी सोबत असलेल्या विमलताईंना विचारलं.

"माह्या नावावर हाय. आमच्या यजमानांनी घेतलं होतं. गोडाऊन इतकं मागं आलं असंन, हे मले खरंच मालूम नव्हतं."

जमीन विमलताईंची. बांधकाम कंपनीच्या खर्चाने. पूर्ण गोडाऊन कंपनीचं धरलं तर विमलताईंनी स्वतःच्याच जमिनीचे पैसे दिरांना दिल्यासारखं झालं असतं. पूर्ण वगळलं तर दिलीपभाऊंचं बांधकामातलं नुकसान. कोण मालक हे ठरवणं माझं काम नाही, ते वकिलाचं. मी रिपोर्टात वाढीव भागाची जमीन धरली नाही, त्यावरच्या बांधकामाची किंमत वेगळी दाखवली आणि तसं का केलं ते स्पष्ट लिहिलं.

कच्चा रिपोर्ट पोचला आणि दोघांचे फोन आले. विमलताईंचं म्हणणं, त्या भागाचं बांधकाम तरी काहून दाखवलं. दिलीपभाऊंचं म्हणणं, गोडाऊनची जमीन काहून सोडली. दिलीपभाऊ जास्त चिडले होते. "तुमी नवीन हाय मॅडम. शेख सर असते तर असं झालं नसतं. मी त्यांनाच विचारतो."

आणि ते खरंच मंगरूळपीरला शेख सरांच्या घरी गेले. तिथे काय झालं ते मला नंतर दिलीपभाऊंनीच सांगितलं.

शेख सरांनी चहा दिला, नागपूरच्या मुलाची चौकशी केली. रिपोर्टाला हात लावला नाही.

"तुमी फक्त एवढं सांगा," दिलीपभाऊ म्हणाले, "मॅडमचं बरोबर का चूक."

"बरोबर म्हणलो तर तुमी म्हणसान, शेख सर त्यांच्या बाजूचे. चूक म्हणलो तर ज्या कामाची मले परवानगी नाई, त्याच्यात माहा हात गेला. त्यांनाच विचारा ना. हद्दीवर घेऊन जा आन् म्हणा, दाखवा. नाई पटलं तर दुसरा रजिस्टर्ड माणूस नेमा. अकोल्यात भेटते. माही नाराजी नाई."

"तुमच्यावर आमचा विश्वास हाय म्हणून आलो."

"म्हणूनच तर सांगून राह्यलो."

दिलीपभाऊ दुसऱ्या दिवशी मिलवर आले. मी, विमलताई आणि ते, आम्ही तिघं हद्दीच्या एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत चालत गेलो. टेपचं एक टोक मी दिलीपभाऊंच्याच हातात दिलं. दुसऱ्या दगडाशी पोचल्यावर त्यांनी वळून पाहिलं. गोडाऊनची मागची भिंत सरळ रेषेच्या बऱ्याच पलीकडे होती. ते टेप गुंडाळू लागले.

विमलताईच बोलल्या. "भाऊजी, जमीन माही हाय, ते मी धरू देणार नाई. पण बांधकाम कंपनीच्या पैशानं झालं. ते धरा. तुमच्या हिश्शाचं मी देईन."

"वहिनी, फोनवर तर तुमी..."

"फोनवर मले दगड दिसत नव्हते."

पक्का रिपोर्ट गेला. अकोला आणि अमरावतीचे रिपोर्ट आले. वकिलांनी करार केला. दिलीपभाऊ दिवाळीच्या आत नागपूरला गेले, आणि विमलताई अजून मिल चालवतात.

माझ्यासाठी काम तिथे संपलं होतं. पण करार झाला त्याच आठवड्यात एका दुपारी शेख सर वाशिमला माझ्या ऑफिसात आले. हातात जुनी कापडी पिशवी, पिशवीत परीक्षेची पुस्तकं.

"बेटा, तुले वेळ असंन तर कायद्याचा भाग शिकव मले. बाकीचं मी पाहून घेतो."

मी गडबडले. ज्यांनी मला भिंतीतली चीर वाचायला शिकवलं, त्यांना मी काय शिकवणार?

"सर, तुम्हाला काय गरज आहे? बँकेची कामं आहेतच की."

"हायेत. पण लोक दारात येतीन आन् मी त्यांना परत पाठवीन, हे किती वर्ष चालीन? नियम चुकीचा असता तर भांडलो असतो. नियम बरोबर हाय. माहीच तयारी कमी पडली."

त्यानंतर ते आठवड्यातून एकदा यायचे. समोरच्या खुर्चीवर बसायचे आणि करार कायदा, भूसंपादन, दिवाळखोरीचा कायदा यांवर शाळकरी मुलासारखे प्रश्न विचारायचे. मी उत्तर देताना जरा घाईने बोलले की पेन खाली ठेवायचे. "पुन्हा सांग. मले समजलं असं वाटून राह्यलं, पण समजलं नाई." हे वाक्य म्हणायला मला अजून जमत नाही. ऑनलाइन सराव परीक्षेत माउसवर त्यांचा हात थरथरायचा, म्हणून त्यांनी घरी मुलीच्या कॉम्प्युटरवर रोज पत्त्यांचा खेळ खेळून हात बसवला. मुलीला वाटलं, अब्बूंना या वयात पत्त्यांचा नाद लागला.

परीक्षेचं सेंटर अमरावतीला होतं. गेटवरच्या वॉचमननं त्यांना अडवलं आणि पालकांनी बाहेर थांबा म्हणून सांगितलं. सरांनी हॉल तिकीट दाखवलं. वॉचमन ओशाळला आणि आतून पाण्याचा ग्लास घेऊन आला. हे सांगताना सरांना हसू आवरत नव्हतं. या परीक्षेचा निकाल लगेच स्क्रीनवर येतो. पास व्हायला शंभरात साठ लागतात. सरांचा फोन आला तेव्हा ते बसस्टँडवर होते, मागे गाड्यांची नावं पुकारली जात होती.

"झालं, बेटा."

"किती मार्क, सर?"

"पास होण्याइतके. जास्त कायले पायजे?"

नंतर अर्ज, फी, चौकशी, नोंदणी, सर्टिफिकेट यात बरेच महिने गेले. त्या मधल्या काळात कंपनीचं एक काम त्यांच्याकडे आलं होतं. परीक्षा पास झालेली, नोंदणी यायची बाकी. त्यांनी ते माझ्याकडे पाठवलं.

मागच्या वर्षी जिल्ह्यातली एक बंद पडलेली जिनिंग कंपनी दिवाळखोरीत निघाली. अशा कामात दोन स्वतंत्र रजिस्टर्ड व्हॅल्युअर नेमतात. दोघांनी वेगवेगळी पाहणी करायची, एकमेकांना आकडा सांगायचा नाही. फरक फार निघाला तर तिसरा नेमतात. एक म्हणून मला नेमलं. दुसरे शेख सर.

ते काम संपेपर्यंत त्यांनी माझ्या ऑफिसात पाऊल टाकलं नाही. एकदा कोर्टासमोरच्या चहाच्या गाडीवर आम्ही समोरासमोर आलो. त्यांनी उन्हाळ्याबद्दल विचारलं, मी त्यांच्या मुलीबद्दल. जिनिंगचं नाव दोघांनीही काढलं नाही. शेवटी बंद पाकिटं उघडली तेव्हा दोघांचे आकडे इतके जवळ होते की तिसऱ्या माणसाची गरज पडली नाही. त्या दिवशी संध्याकाळी सरांचा फोन आला. पश्चिमेकडच्या शेडचा पाया मी कोणत्या बाजूने पाहिला, हे त्यांना विचारायचं होतं.

आता आमच्या व्हॅल्युअरांच्या संस्थेत नवीन मुलं प्रशिक्षणाला येतात आणि मला विचारतात, मॅडम, एवढ्या अटी कशाला. मी त्यांना कलमं सांगते, कारण ती परीक्षेत येतात. बाकी एवढंच सांगते, की नोंदणी मिळाली म्हणजे कामं घेता येतात. कोणतं काम घ्यायचं नाही, हे मात्र नोंदणीच्या आधीपासून ठाऊक असावं लागतं.