भांगाच्या दिवशीची भरती

रेवदंड्याची हेमांगी खाडीच्या वरच्या अंगाला एका रसायन कारखान्यात केमिस्ट आहे. कोळीवाड्याला तिचा कोण अभिमान! "आमची पोर हाय ना तिथं, घान पानी सोडायची न्हाय," असं शेजारचे दादूकाका अख्ख्या बंदराला ऐकवतात. हेमांगीलाही ते खरं वाटायचं.

कारखान्याचं सांडपाणी आधी एका मोठ्या रिअॅक्टर टाकीत साफ होतं, मग खाडीत जातं. ते आत पुरेसा वेळ थांबतं का, हे तपासायला टाकीच्या तोंडाशी मिठाचं दाट पाणी एकदम ओततात आणि बाहेरच्या पाइपाशी खारटपणा कधी वाढतो, कधी ओसरतो ते मोजत बसतात. मीठ फार लवकर बाहेर आलं, तर आत चोरवाट आहे आणि काही पाणी साफ न होताच पळतंय, असं समजायचं.

त्या दिवशी मीठ फार लवकर आलं. तिच्या वरिष्ठ मृणाल मॅडम पुण्याच्या. त्यांनी विचारलं, "खाडीचं खारं पाणी तर पाइपात चढलं नाही ना?" उधाणाला तसं होतं खरं. हेमांगीचा जीव घरी अडकलेला. संध्याकाळी धाकट्या भावाची, निकेशची हळद होती आणि चाचणी पुन्हा करायची म्हणजे हळद हुकणार. ती म्हणून गेली, "हो मॅडम, भरतीचंच आहे."

"तू कोळ्यांची, तुला जास्त कळणार," म्हणत मॅडमनी टाकी पास केली. घ्या! तिच्या जागी मुंबईची कुणी असती तर मॅडमनी दोनदा विचारलं असतं.

रिक्षा पुलावर आली आणि हेमांगीला खाली होड्या दिसल्या. सगळ्या नांगरलेल्या. भांग होता, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मंद भरती-ओहोटी. भांगात पाण्याला ओढ नसते, जाळी लावून उपयोग नसतो, म्हणून होड्या घरी असतात. हळदीला सगळा वाडा हवा म्हणून हा दिवस तिनंच सुचवला होता. आणि भांगाची भरती त्या पाइपाला शिवतसुद्धा नाही.

मांडवात तिची आई केसर तिच्या गालाला हळद लावत म्हणाली, "लक्ष कुठं हाय तुजं?" पलीकडे दादूकाका पाहुण्यांना तेच पालुपद ऐकवत होते. हेमांगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मांडवामागं जाऊन फोन लावला.

"मॅडम, मी खोटं बोलले. आज पाणी तिथवर चढतच नाही."

मॅडम म्हणाल्या, "सकाळी ये. तोवर पाणी सोडणं बंद ठेवते."

सकाळी लग्न सोडून ती गेली. या वेळी मिठाऐवजी हिरवा रंग ओतला, म्हणजे खाडीवर ढकलायला जागाच नको. रंगही तसाच लवकर बाहेर आला. चोरवाट किती महिन्यांची होती, ते कुणालाच सांगता येईना.

संध्याकाळी ती घरी आली. केसर रागावलेली होती, पण ताट झाकून ठेवलं होतं. तळलेली बोय मासळी.

"दादूनं परवा खाडीत पागाचं जाळं हातानं फेकून धरली, खास तुज्यासाठी."

दादूकाका ओटीवर आपलं ताट घेऊन बसले होते, पहिला घास तिनं खावा म्हणून थांबलेले. हेमांगीनं ताट बाजूला सारलं.

"काका, तुमी बी खाऊ नका. आधी माजं ऐका."