सबनीससाहेबांचे पास

सबनीससाहेबांचा खिसा मी आधी ओळखायला लागले, माणूस नंतर. बुशशर्टाच्या खिशातून कसला ना कसला पास बोटभर वर डोकावत असायचा, समोरच्याला रंग दिसेल एवढाच. तिकडे उत्तरेत, मानक नगरच्या आमच्या रेल्वे कॉलनीत ते मोठे इंजिनियर, शिवाय मराठी मंडळाचे सेक्रेटरी. तिकिटाच्या खिडकीचा त्यांना भारी तिटकारा. म्हणायचे, "खिडकीवर भीड उभी राहते, वहिनी. आपल्याला फोन येतो."

एकदा त्यांच्या त्या फोनावर आम्ही सिनेमाला गेलो. रांग लावून आलेली माणसं बाल्कनीत ऐसपैस, आणि आम्ही पासवाले खांबामागे, जादा टाकलेल्या घडीच्या खुर्च्यांवर. हिरॉईन मला अर्धीच दिसली. मध्यंतरात साहेब विचारतात, "बघा, लागावं लागलं का लाईनीत?" माझी तर मान अवघडली होती.

हे हसून सोडून दिलं असतं हो. पण साळवेबाईचं मी विसरत नाही.

साळवेबाई आलमबागेत राहायची, नवरा फिटर. तिची वंदना मंडळाच्या मुलांबरोबर गायची. टीव्हीवाल्यांनी त्या मुलांचं रेकॉर्डिंग ठरवलं आणि समोर बसून बघणाऱ्यांसाठी मंडळाकडे पास धाडले. लेकीला तिथे गाताना डोळ्यांनी बघायचं, एवढंच साळवेबाईचं मागणं. पंधरा दिवस ती साहेबांच्या मागे होती. साहेबांनी पास वाटले हुद्द्यानं! आधी क्लास वन, मग त्यांच्या बायका, मग त्या बायकांच्या भिशीतल्या मैत्रिणी. साळवेबाईला म्हणाले, "प्रेक्षकांवरही कॅमेरा फिरतो, बाई. तिथे जरा बरी माणसं लागतात." माझ्या अंगणात बसून, माझा चहा पिता पिता म्हणाले.

माझा पास मी तिला देऊ केला, तर घेईना. "तुम्ही जा ताई. तुम्हाला बघून तरी ती धीरानं गाईल." पण रेकॉर्डिंगच्या दिवशी इस्त्रीचं पातळ नेसून आली आणि हॉलच्या फाटकाबाहेर उभी राहिली.

आत बघते तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. फुकटच्या पासासाठी भर उन्हात कोण साहेब येतोय? रेकॉर्डिंगवाल्यांना तर हॉल भरलेला हवा, टाळ्या हव्यात. त्यांचा माणूस फाटकावर गेला आणि बाहेर जे कोणी होते त्यांना चला म्हणाला. रिक्शावाले आले, मूंगफलीवाला टोपलीसकट आला, आणि साळवेबाई आली, ती थेट पहिल्या रांगेत. आईला बघून वंदना इतकी हसली की पहिलं कडवं पुन्हा घ्यावं लागलं.

साहेब कुठे होते? फाटकावर. स्वतःचा पास त्यांनी आयत्या वेळी कुणा बड्या अधिकाऱ्याला देऊन टाकलेला. आपलं तोंड हाच पास, असा भरवसा. चौकीदारानं विचारलं, "बाबूजी, पास?" हे नाव सांगत राहिले, तो मान हलवत राहिला. पुढे सगळ्यांनाच आत बोलावलं, तर रिक्शावाल्यांच्या घोळक्यातून जायला साहेबांना कमीपणा वाटला. साळवेबाईनं "साहेब, चला ना" म्हटलं, तर तोंड फिरवून उभे. हे तिनंच मला नंतर सांगितलं, आणि हसली नाही. मी मात्र पोट धरून हसले.

कार्यक्रम दाखवला तेव्हा कॉलनीभरची माणसं साहेबांच्याच टीव्हीसमोर. साळवेबाईचा चेहरा पडदाभर आला. साहेब म्हणाले, "मी मागे होतो. कॅमेरा तिथवर आलाच नाही." साळवेबाई खाली सतरंजीवर बसली होती.

दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. मंडळाची माणसं स्टेशनवर पोचवायला निघालो. साहेबांचा आधीच निरोप होता की प्लॅटफॉर्म तिकिटं काढत बसू नका, फाटकावर माझं नाव सांगा, कोणी अडवणार नाही.

फाटकाशी पोचलो, तशी साळवेबाईनं पदर खोचला आणि खिडकीकडे वळली.

"ताई," म्हणाली, "गाडी सुटेल. आपण लाईनीत लागू या."